शेजारच्या परसातला धूर

माघ सरत आला की खेड तालुक्यातल्या निघोज्यात पानगळ सुरू होते. आधी देशी बदामाची लालसर पानं, मग कडुनिंब, मग आंब्याची जाड, चिवट जुनी पानं. होळी येईपर्यंत अंगण झाडता झाडता घरातल्या बाईचा जीव मेटाकुटीला येतो. संध्याकाळी खराटा फिरतो, पाला कंपाउंडच्या कोपऱ्यात गोळा होतो, वर एखादं जुनं वर्तमानपत्र पडतं आणि काडी लागते. जाळ पाच-दहा मिनिटांत बसतो, पण ढीग पुढे दोन-दोन तास धुमसतो. हा धूर पेटवणाऱ्याच्या घरात फारसा जात नाही. वाऱ्याची दिशा आणि भिंतीची उंची बघून त्याने कोपरा निवडलेला असतो. धूर जातो भिंतीपलीकडच्या खोलीत.

त्या पलीकडच्या खोलीत राहणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. मग ती खोली भाड्याच्या चाळीतली असो, नव्या सोसायटीतली असो की स्वतःच्या बंगल्यातली.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपल्याकडे पाला जाळला जातो तो दुष्टपणाने नव्हे. त्या पाल्याला जायला जागा उरली नाही म्हणून. गोठा होता, बैल होते, म्हशी होत्या, तोवर परसातला पाला उकिरड्यात जायचा, शेणामुताबरोबर कुजायचा आणि उन्हाळ्यात गाडीने शेतावर पडायचा. एमआयडीसी आली, जमिनी गेल्या, चाकणचा चौथा टप्पा निघोज्याच्या शिवारात उभा राहिला, महिंद्राचा कारखाना इथेच झाला. राहिलेल्या जमिनीत प्लॉटिंग झालं, चाळी उठल्या, जनावरं विकली गेली. उकिरडा गेला, झाडं मात्र राहिली. त्यामुळे एखाद्या आजोबांनी ‘आम्ही पहिल्यापासून जाळतोच’ म्हटलं तर वाद घालू नका, पण त्यांना उकिरड्याची आठवण द्या. पश्चिमेकडच्या भातपट्ट्यात राब भाजतात, ती शेतीची वेगळी रीत आहे. अंगणातला पाला रोज संध्याकाळी पेटवणं ही रीत फार जुनी नाही. आणि जुनी असती तरी तेव्हा वीस गुंठ्यात एक घर होतं. आज त्याच वीस गुंठ्यात चाळीच्या खिडक्या भिंतीपासून सहा फुटांवर आहेत.

आता वेळेबद्दल. ऊन उतरलं, वारा पडला, आग पसरायची भीती नाही, असा विचार करून माणूस संध्याकाळी पेटवतो. आगीच्या दृष्टीने ते बरोबर, धुराच्या दृष्टीने अगदी उलटं. दिवसा तापलेली जमीन हवेला वर ढकलत असते आणि धूरही तिच्याबरोबर वर जाऊन विरतो. हिवाळ्यात सूर्य मावळला की जमीन लवकर गार होते, जमिनीलगतची हवा थंड आणि जड होते, तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर बसतो. पातेल्यावर झाकण ठेवावं तसा. खाली सोडलेला धूर खालीच राहतो. निघोजे इंद्रायणीच्या काठाला. नदीकडच्या सखल भागात ही थंड हवा आणखी साचते. पहाटे सहाला दार उघडल्यावर आदल्या रात्रीचा वास येतो तो याचमुळे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने त्यात सर्वांत वाईट. तेव्हा शेजारी अजिबात ऐकत नसेल आणि आज जाळणारच असेल, तर निदान एवढं मागून घ्या की दुपारी, पूर्ण वाळलेला पाला, थोडा थोडा टाकून जाळा. हा उपाय नाही, तात्पुरती सूट आहे. पण ओला पाला संध्याकाळी पेटवणं आणि सुका पाला दुपारी पेटवणं यांत खोकल्याचा फरक पडतो.

ओल्या पाल्याचा धूर जास्त का? आगीची पहिली उष्णता पाणी उडवण्यात खर्च होते, ढीग पेटत नाही, नुसता धुमसतो. अर्धवट जळालेल्या पदार्थाचे बारीक कण, कार्बन मोनॉक्साइड आणि डोळे झोंबवणारे वायू त्यातून निघतात. या कणांपैकी अडीच मायक्रॉनपेक्षा लहान असलेले, म्हणजे पीएम 2.5, नाकातल्या केसांत अडकत नाहीत. ते फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे 24 तासांची सरासरी दर घनमीटरला 60 मायक्रोग्रॅमच्या आत हवी. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये हीच मर्यादा 15 सांगितली. आता कोणी म्हणेल, मोबाइलवर तर हवा ‘समाधानकारक’ दाखवतेय. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या ‘सफर’ यंत्रणेची केंद्रं आळंदी, भोसरी, निगडी अशा ठिकाणी आहेत. तुमच्या खिडकीखाली दोन तास काय झालं ते आळंदीच्या यंत्राला कळत नाही. ॲपवरचा रंग हा तुमच्या तक्रारीविरुद्धचा पुरावा नव्हे, हे शेजाऱ्यालाही सांगा आणि स्वतःही लक्षात ठेवा.

धूर म्हणजे विडी-सिगारेटवाल्यांचा आजार, असा समज अजून घट्ट आहे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांना होणाऱ्या सीओपीडी या फुप्फुसाच्या दीर्घ आजारावर लेख लिहिला. चुलीचा आणि तत्सम जळणाचा धूर, धूळ, कामाच्या जागेची हवा ही त्यातली मोठी कारणं. निघोज्यासारख्या गावात याला वेगळं वजन आहे. इथल्या कित्येकांचा दिवस वेल्डिंग, ग्राइंडिंग, पेंट शॉप किंवा फाउंड्रीच्या हवेत जातो. घरी येऊन तरी फुप्फुसाला उसंत मिळावी.

शेजाऱ्याशी बोलण्याआधी नेमकं काय जळतंय ते बघा. सगळा धूर एका जातीचा नसतो आणि उपायही एक नाही. दाट, पांढरट, गवताचा वास असलेला धूर म्हणजे पालापाचोळा. काळा, जाड, घशात गोडसर-जळका चटका देणारा धूर म्हणजे प्लॅस्टिक, थर्माकोल, रबर किंवा ऑइलचं कापड. कंपनीतून आलेलं पॅकिंग, फोम, स्ट्रेच रॅप, रंग लागलेली लाकडी पॅलेट, तांबं काढण्यासाठी जाळलेली वायर, हे सगळं आपल्या पट्ट्यात पेटतं. पीव्हीसीचं आवरण जळताना हायड्रोक्लोरिक आम्ल आणि डायॉक्सिनसारखी घातक रसायनं तयार होतात. तिथे ‘आण्णा, जरा ऐकता का’ म्हणत बसायचं नाही. सरळ तक्रारीचा रस्ता. तो पुढे सांगतो. आणखी एक प्रकार म्हणजे थंडीत गेटवरच्या सुरक्षारक्षकाची किंवा बांधकामावरच्या मजुरांची शेकोटी. त्यांच्यावर ओरडण्यात माणुसकी नाही. तो माणूस रात्रभर उघड्यावर बसलेला आहे. दिल्लीत हवा बिघडते तेव्हा रहिवासी संघटनांना रखवालदारांसाठी विजेचे हीटर द्यायला सांगितलं जातं. आपल्याकडे सोसायटीने किंवा ठेकेदाराने केबिन, चांगलं जॅकेट आणि एक हीटर दिला तर शेकोटीची गरजच उरत नाही. पाणी तापवायच्या बंबाचंही तसंच. बंब बंद करा म्हणू नका. त्यात फक्त सुकं लाकूड घाला, प्लॅस्टिकची पिशवी पेटवणीला वापरू नका, एवढं मागा.

पाल्यावर परत येतो.

धूर येत असताना बोलायला जाऊ नका. डोळे चुरचुरत असतात, पोर खोकत असतं, तोंडातून भलतंच निघतं. आणि समोरच्याच्या हातात काठी असते, ढीग पेटलेला असतो, शेजारी बघत असतात. तिथे कोणीच माघार घेत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, शक्यतो सुटीच्या दिवशी, जा. घरातली वडीलधारी बाई बरोबर असेल तर उत्तम. बोलणं साधं ठेवा: “आण्णा, एक अडचण सांगायची होती. संध्याकाळी पाला पेटला की धूर थेट आमच्या खोलीत येतो, आणि आईला रात्रभर दम लागतो. तुम्ही मुद्दाम करत नाही हे माहीत आहे. पाल्याची दुसरी काही सोय लावता येईल का? रविवारी मी येतो मदतीला.” यात आरोप नाही, कायदा नाही, गल्लीतल्या इतरांचं नाव नाही. आईचा दम आहे आणि मदतीचा हात आहे. ‘सगळे म्हणतात’ हे वाक्य तर चुकूनही वापरू नका. ते ऐकलं की माणूस सगळे म्हणजे कोण ते शोधायला लागतो आणि पाला बाजूला राहतो.

उत्तरं काय येतील तेही ठाऊक असू द्या. पहिलं, धुराने डास जातात. थोडा वेळ जातात, धूर विरला की परत येतात; डास कमी करायचे तर टायरमधलं, कुंडीखालच्या ताटलीतलं, उघड्या टाकीतलं पाणी काढावं लागतं. दुसरं, राखेने झाडं जोमात येतात. राखेत पालाश आणि चुना उरतो हे खरं, पण नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुराबरोबर उडून जातात, आणि जमिनीला भूक असते ती त्याच कर्बाची. शिवाय आपल्याकडच्या पुष्कळ जमिनी आधीच विम्लधर्मी, त्यांत आणखी राख घालून फायदा कमी. तिसरं उत्तर सगळ्यांत खरं असतं: पाला साठवला तर साप-विंचू येतात. याला हसून उडवू नका. भिंतीला टेकून महिनोन्‌महिने पडलेल्या मोकळ्या ढिगात खरोखरच विंचू निघतो, लहान मुलं तिथे खेळत असतात. म्हणूनच पाला ढिगात न ठेवता जाळीत ठेवायचा, घरापासून दूर, ओला, आणि दर पंधरा दिवसांनी हलवलेला.

ती जाळी कशी करायची ते नीट सांगतो, कारण बहुतेक भांडणं इथेच मिटतात. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती किंवा कुंपणाची जाळी दहा फूट लांब, चार फूट उंच घ्या. दोन टोकं तारेने बांधली की साधारण तीन फूट व्यासाचा पिंजरा उभा राहतो. सावलीत, मातीवर ठेवा. फरशीवर नको, कारण खालून गांडुळं यायला हवीत. तळाला काटक्यांचा थर. मग वीतभर पाला, त्यावर शेणकाला, वर एक-दोन घमेली माती, पुन्हा पाला. शेण मिळत नसेल तर स्वयंपाकघरातला ओला कचरा चालतो. तो नेहमी पाल्याखाली दाबायचा, वर उघडा ठेवायचा नाही, म्हणजे माश्या आणि कुत्री येणार नाहीत. वाळक्या पानांत कर्ब भरपूर आणि नत्र कमी असतं. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतं, ते शेणातून किंवा ओल्या कचऱ्यातून मिळतं. नुसता कोरडा पाला वर्षभर ठेवला तरी पाला तसाच दिसतो आणि मग मंडळी म्हणतात, हे काही होत नाही. पाणी इतकंच घालायचं की मूठ आवळली तर हाताला ओल लागावी पण ठिबकू नये. वर गोणपाट. आंब्याची आणि बदामाची पानं कोयत्याने चिरून किंवा पायाखाली तुडवून टाकली तर लवकर कुजतात. ढीग आपोआप खाली बसतो, त्यामुळे एकाच जाळीत आठवड्यामागून आठवडे पाला मावत राहतो; हे शेजाऱ्याला पहिल्यांदा दाखवून द्या, कारण ‘एवढा पाला ठेवू कुठे’ ही त्याची खरी काळजी असते. होळीच्या सुमारास भरलेल्या जाळीतून दिवाळीपर्यंत कुंड्यांना घालण्याजोगं काळं, मातीच्या वासाचं खत निघतं.

ज्याला एवढीही खटपट नको त्याने आच्छादन करावं. झाडाच्या आळ्यात तीन-चार इंच पाला पसरायचा, बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडायची. एप्रिल-मेमध्ये टँकर मागवावा लागतो अशा वस्तीत याचा फायदा पहिल्या आठवड्यात दिसतो: माती ओली राहते आणि पाणी निम्म्या वेळा घातलं तरी भागतं. श्री. अ. दाभोळकरांनी कोल्हापूरच्या प्रयोग परिवारातून वर्षानुवर्षं हेच शिकवलं, की घराभोवती पडणारं पान ही संपत्ती आहे आणि तिच्यावर गच्चीतसुद्धा भाजी पिकते.

पाला फारच असेल, चार-पाच मोठी झाडं असतील, तर तो घेणारा शोधा. पुण्यात अदिती देवधर यांनी 2016 मध्ये ‘ब्राउन लीफ’ नावाने हेच सुरू केलं. ज्याच्याकडे पाला जास्त आहे आणि ज्याला बागेसाठी पाला हवा आहे अशा दोघांची गाठ घालून द्यायची, एवढं साधं काम. त्यातून पोती भरभरून पाला आगीत जायचा वाचला. निघोज्यात त्यासाठी संस्था काढायला नको, गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप पुरे. मोई, कुरुळी, चिंबळी या बाजूला अजून भाजीपाला आहे, रोपवाटिका आहेत. पोत्यात भरून, प्लॅस्टिक आणि काचा वेचून काढलेला पाला दारात मिळाला तर नेणारा भेटतो. निवडलेला नसेल तर कोणी नेणार नाही. म्हणून झाडतानाच गुटख्याच्या पुड्या आणि वेफर्सची पाकिटं बाजूला टाकायची सवय लावावी लागते. ज्यांच्याकडे ऊस आहे त्यांनी पाचटही पेटवू नये. पाचट सरीत पसरून कुजवण्यासाठी टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन, ही कृषी खात्याकडून सांगितली जाणारी शिफारस आहे आणि खोडव्याला ती मानवते.

सोसायटीत राहत असाल तर पेटवणारा शेजारी नसून सोसायटीचाच माळी असण्याची शक्यता मोठी. त्याला दोष देऊ नका. त्याच्या ठेक्यात ‘परिसर स्वच्छ ठेवणे’ लिहिलेलं असतं, पाला कुठे टाकायचा ते लिहिलेलं नसतं, आणि घंटागाडीवाला पाला घेत नाही. तो काय करणार? समितीला पत्र द्या, ठेक्यात ‘आवारात काहीही जाळणार नाही, पाल्याचं खत करेल’ ही ओळ घाला आणि दोन जाळ्यांचा खर्च सोसायटीने करावा.

सगळ्यांत अवघड अवस्था भाडेकरूची. निघोज्यातल्या हजारो खोल्यांत मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहार-ओडिशातून आलेली कामगार कुटुंबं राहतात. पाला पेटवणारा घरमालकच असतो. बोललं तर ‘जमत नसेल तर खोली सोड’ हे उत्तर तयार. अशा वेळी एकट्याने बोलू नये. चाळीतल्या तीन-चार घरांनी मिळून, महिन्याचं भाडं द्यायला जाताना, शक्यतो बायकांनी घरमालकिणीशी बोलावं. ‘काकू, आवार आम्ही आळीपाळीने झाडतो, पाला पोत्यात भरून ठेवतो, तेवढं पेटवू नका, बाळाला बालदमा आहे’ असं म्हटलं तर काकू बहुधा ऐकतात, कारण धूर त्यांच्याही वाळवणावर बसतो. ऐकलं नाही, तर आशाताईंना सांगा. गावात कोणत्या घरात दम्याचा पेशंट आहे हे त्यांना माहीत असतं आणि त्यांच्या तोंडून आलेली गोष्ट घरमालकाला अपमानाची वाटत नाही.

बोलणी चालू असताना आज रात्रीचं काय? धूर दिसायला लागला की त्या बाजूच्या खिडक्या लावा, फटीला ओला टॉवेल दाबा आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा बंद करा. पुष्कळ घरांत धूर घालवायला हा पंखा लावतात. तो आतली हवा बाहेर फेकतो, तिच्या जागी बाहेरची धुराची हवा दाराच्या फटींतून आत ओढली जाते. कूलरही बंद, कारण तो सरळ बाहेरचीच हवा घेतो. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, तो चालेल. त्या तासात उदबत्ती, धूप, मच्छर कॉइल लावू नका आणि फोडणीही शक्यतो टाळा. धूर विरला की दारं-खिडक्या सताड उघडा. रुमाल किंवा ओढणी नाकाला बांधल्याने बारीक कण अडत नाहीत. घट्ट बसलेला एन-95 अडवतो, पण दम्याच्या रुग्णाला तो लावून घुसमटतं का ते बघा. डॉक्टरांनी दिलेला पंप आणि स्पेसर हाताशी ठेवा. एक वाक्य एका दमात पूर्ण बोलता येत नसेल, छातीचा भाता हलत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर घरगुती उपाय थांबवून 108 ला फोन करा.

आता बोलूनही थांबत नसेल, किंवा जळतंय ते प्लॅस्टिक-रबर असेल तर. एक वही करा. तारीख, वेळ, किती वेळ धूर होता, काय जळत होतं, घरात कोणाला काय झालं. स्वतःच्या खिडकीतून किंवा गच्चीतून फोटो काढा. दुसऱ्याच्या आवारात शिरून नको, आणि माणसांच्या चेहऱ्यांऐवजी धूर आणि ढीग टिपा. डॉक्टरांच्या कागदावर ‘धुरामुळे त्रास वाढतो’ अशी नोंद मागून घ्या. बारीकसारीक वाटतं, पण ‘रोज धूर असतो साहेब’ या तोंडी तक्रारीपेक्षा तारखा असलेलं एक पान अधिकाऱ्याला हलवतं.

निघोजे हे पिंपरी-चिंचवड महापालिकेत नाही, खेड तालुक्यातली ग्रामपंचायत आहे. पलीकडच्या तळवडे-चिखलीतले लोक महापालिकेकडे धाव घेतात, तशी तुमची तक्रार तिथे चालणार नाही. तुमचा अर्ज सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (ज्यांना आपण ग्रामसेवक म्हणायचो) यांच्या नावे. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारखेची पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. त्यांनी काही केलं नाही तर राजगुरुनगरला पंचायत समितीचे गटविकास अधिकारी. त्याआधी एक दार आपल्या गावांनी स्वतःच उघडलेलं आहे: 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेतून आलेली तंटामुक्ती समिती. गावात ती जिवंत असेल, अध्यक्षाचा शब्द मानला जात असेल, तर शेजाऱ्या-शेजाऱ्यांतला धूर तिथेच मिटावा. पुढची तीस वर्षं त्याच भिंतीला भिंत लावून राहायचं आहे.

कायदा काय म्हणतो तेही अतिशयोक्ती न करता समजून घ्या. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी रस्त्यावर, मोकळ्या सार्वजनिक जागेत, नाल्यात कचरा टाकायला, जाळायला, पुरायला मनाई केली. त्याच वर्षी 22 डिसेंबरला अल्मित्रा पटेल यांच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने देशभर उघड्यावर कचरा जाळण्यावर बंदी घातली आणि साध्या प्रकाराला 5,000 रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळण्याला 25,000 रुपये भरपाई ठरवली. ‘माझ्याच आवारात जाळतोय’ हे उत्तर 2016 च्या नियमांपुरतं कुणाला पुरेसं वाटू शकेल, पण उपद्रवाचा कायदा भिंतीपाशी थांबत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 270 सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या करतं, कलम 280 हवा आरोग्याला अपायकारक करणाऱ्याला 1,000 रुपयांपर्यंत दंड सांगतं, आणि आगीबाबत निष्काळजीपणा करणाऱ्याला कलम 287 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सुक्या गवताजवळ, विजेच्या तारांखाली, सिलिंडरच्या शेडलगत पेटवलेला ढीग या शेवटच्या कलमात मोडू शकतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकारी उपद्रव थांबवण्याचा सशर्त आदेश काढू शकतात. निघोजे पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत असल्याने हा अर्ज नेमका कोणापुढे करायचा ते तहसील किंवा उपविभागीय कार्यालयात विचारून घ्या. हे रस्ते रोजच्या पाल्यासाठी नाहीत. ते आहेत वारंवार सांगूनही रबर जाळणाऱ्यासाठी, भंगाराच्या गोदामासाठी.

गोदामात, मोकळ्या प्लॉटवर किंवा शेडमागे रात्री वायर-टायर पेटत असतील तर एकट्याने तिकडे जाऊ नका, व्हिडिओ काढत उभे राहू नका. 112 ला फोन करा; आग पसरत असेल तर 101. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पुणे प्रादेशिक कार्यालयाला लेखी द्या आणि माल कुठल्या उद्योगातून आल्यासारखा दिसतो ते फक्त दिसलं तेवढंच लिहा, तर्क नको. नदीपलीकडे कुदळवाडीत भंगार गोदामांना वारंवार आगी लागत राहिल्या, आणि 2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथे मोठी पाडापाडी केली. तितकी वेळ आपल्या बाजूला येऊ द्यायची नसेल, तर पहिल्या-दुसऱ्या आगीलाच कागद व्हायला हवा.

आणि एक काम एकट्या घराचं नाही, गावाचं आहे. वर्षाला किमान चार ग्रामसभा होतात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या तारखा आपल्याकडे ठरलेल्याच. पानगळीच्या तोंडावरची सभा 26 जानेवारीची. विषय सभेच्या आधी लेखी द्या, म्हणजे तो विषयपत्रिकेवर येतो; आयत्या वेळच्या विषयात टाकला तर चहाच्या गडबडीत वाहून जातो. ठरावात नुसती ‘कचरा जाळण्यास बंदी’ मागू नका. बंदीबरोबर सोय मागा: फेब्रुवारी ते मे आठवड्यातून एक दिवस घंटागाडीने फक्त पाला उचलावा, गायरानात किंवा शाळेच्या मागे चार मोठ्या जाळ्या उभाराव्यात, फांद्या बारीक करायचं एक यंत्र ग्रामपंचायतीने घ्यावं. वित्त आयोगाच्या निधीत स्वच्छतेसाठी बांधलेला हिस्सा असतो आणि ‘माझी वसुंधरा’ अभियानात हवेसाठी गावाला गुण मिळतात, हे दोन मुद्दे अर्जात लिहिले तर ‘पैसा कुठून आणायचा’ याचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं. अर्जावर पाला जाळणाऱ्या शेजाऱ्याचीही सही घ्या. पाला उचलणारी गाडी त्यालाच सर्वांत जास्त हवी आहे.